मागच्या केसांचा रंग

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, डोक्यात एकही केस वेगळ्या रंगाचा दिसलेला खपत नसे. कळंबच्या आमच्या गल्लीत बऱ्याच बायका घरीच केस रंगवत. कुणाची कानशिलं पांढरी राहत, कुणाच्या कपाळावर काळा पट्टा उमटे. अक्कांची कमरेपर्यंतची वेणी मात्र मुळापासून टोकापर्यंत एकसारखी. भर उन्हातसुद्धा तिच्यात डाग सापडत नसे.

लातूरला लेकाकडं राहायला जाईपर्यंत त्यांच्याकडं बायका शिकायला येत. अक्का कंगव्याच्या टोकानं केसांचे चार भाग पाडून दाखवत. कानशिलांना आधी लावायला सांगत, कारण तिथले पांढरे केस रंग लवकर धरत नाहीत. टोकांना हात लावू देत नसत. "त्यास्नी मागचा रंग हायच की. नवं उगवलंय तेवढ्यालाच लाव. न्हाय तर टोकं कोळशावानी दिसतील." रागावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एखादी घाई करू लागली की तिच्या हातातला ब्रश काढून घेत आणि म्हणत, "जा, आधी चहा पिऊन ये."

डोक्याच्या मागच्या बाजूला हात कसा पोचवायचा, असं कुणी विचारलं की त्या हसून विषय बदलत. मला ते लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. एका दुपारी वाळवण काढायला गच्चीवर गेले, तर अक्का पाटावर बसलेल्या आणि थोरले दीर मागं स्टुलावर. मोंढ्यात धान्याची अडत चालवणारा, चारचौघांत बायकोशी शब्दही न बोलणारा तो माणूस, चष्मा नाकावर ओढून, जुन्या टूथब्रशनं एकेक बट उचलून रंग लावत होता. मला बघून ते उठायला लागले.

"बसा," अक्का म्हणाल्या. "अर्धं सोडून उठलात तर म्या बाहेर कशी पडू?"

ते पुन्हा बसले. कानांपर्यंत लाल झाले होते.

दीर अचानक गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्यानंतर अक्कांचे केस मुळाशी पांढरे दिसू लागले. नवरा गेल्यावर बाईनं रंग सोडला, हे लोकांना रीतीला धरूनच वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं. एकदा त्यांची वेणी घालून देताना मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "सोडलं न्हाय गं. पुढचं माझं मला येतंय. मागचं कुणाला सांगू?"

"मला सांगा की."

त्यांनी अर्धी घातलेली वेणी सोडवली. मग उठून ब्रश घेऊन आल्या. माझा हात जड होता. "मानंवर वघळ येतोय, थोडं कमी घे," एवढंच त्या अधूनमधून म्हणत राहिल्या.

पुढं माझ्या लेकीचा साखरपुडा होता. अक्का अगदी मागं, भिंतीला टेकून बसल्या होत्या. वाशीहून आलेल्या वन्संची नजर त्यांच्या केसांवर गेली.

"दादा जाऊन वरीस न्हाय झालं, वहिनी. तुमास्नी रंग कसा सुचतो?"

आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. अक्का उठून आत जातील असं मला वाटलं. त्यांनी वेणी खांद्यावरून पुढं घेतली.

"वन्सं, हे खालचं बघा. ह्याला त्यांनी लावलेला रंग हाय. वरचं पांढरं ठेवलं, की ही वेणी कापून टाका म्हणतील समदे. म्हणून वरचं ह्याला जुळवून घेते."

वन्संनी वेणीचं टोक हातात घेतलं. "दादाला असलं जमत होतं?"

"लई हळू लावायचे. जेवण निवून जायचं."

वन्संना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, अक्कांचा हात धरला आणि सगळ्या बायकांमधून वाट काढत त्यांना पुढच्या सतरंजीवर आपल्या शेजारी नेऊन बसवलं.