उजव्या बाजूचं काय राहिलं?

माझी सुमी शेंग गुडघ्यावर दाबून डाव्या हाताने मटार सोलत होती. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. जन्मतानाच तिच्या मेंदूची डावी बाजू दुखावली. डॉक्टर म्हणतात, "ताई, तिकडचं काम उजवी बाजू शिकली, बोलणंसुद्धा."

मला संशय येतो. माझी आई आजारी पडली तेव्हा मी चौथीत होते. तिचं सगळं काम शिकले, पण माझी शाळा राहिली. मग त्या उजव्या बाजूचं काय राहिलं असेल?

म्हणून मी गुपचूप पारखत असते. "काल भाजी कशाची होती गं?"

"आई, रोजची परीक्षा! वांग्याची. मीठ विसरलीस. बाबा भीतीने गप्प बसले."

मी हसले. तरी ती उठल्यावर टरफलं हळूच चाळून पाहिली. एकही दाणा राहिला नव्हता.