नवे ब्रेक बसवलेली गाडी थांबलीच न्हाई

मंडळी, आज आमच्या पोरानं व्हिडिओ बघून ह्यांच्या पंच्याहत्तर सालच्या गाडीच्या मागच्या चाकांचे ड्रम उघडले आन् नवे ब्रेक शू बसवले, ब्रेक ऑइलबी बदललं. कंपनीत साहेब हाय म्हणं.

लगेच पूजा. चाकाखाली लिंबं, आन् सूनबाई आरतीचं ताट घेऊन गाडीम्होरं.

मी म्हणलं, "आरं, आधी ब्रेक दाबून तरी बघ."

"आई, तुला यातलं काय कळतं?"

गाडी लिंबं चिरडून निघाली ती भिंतीला धडकूनच थांबली. सुनेला मी दंड धरून बाजूला ओढलं, म्हणून वाचली.

"ब्रेक ऑइलमधली हवा काढायची राहिली," म्हणतो. जसं काय भाजीत मीठ टाकायचं राहिलं.

आता म्हणतो, "आई, बस, आळंदीला नेतो."

तुमच्यातलं कुणी जातंय का? माझी जागा रिकामी हाय.