बायकांच्या दारानं चेस्टर

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागात जुना बार बहुधा नाक्यावरच असतो. इमारतीचा कोपरा तिरका छाटलेला, तिथं दार, दारावर बुरूज आणि बुरुजाला पत्र्याची टोपी. आयरीन व्रुबेल अशाच एका बुरुजाच्या खोलीत जन्मली, आणि त्याच्याखाली गेली पन्नास वर्षं बियर ओततेय.

कोपऱ्यावरच्या दाराला तीन उंच पायऱ्या. गल्लीच्या बाजूला दुसरं दार आहे, जमिनीसरसं. तिच्या आजोबांच्या काळात बायका तिथून यायच्या आणि बादलीत बियर घेऊन जायच्या. आता बायका ऐटीत कोपऱ्यातून येतात. पुरुष मात्र गल्लीतल्या दाराला अजून हात लावत नाहीत.

म्हणून तर दर शुक्रवारी तळलेला मासा खायला येणारा चेस्टर झुरेक अडला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला, आणि तीन शुक्रवार त्याची खुर्ची रिकामी. आयरीननं फोन लावला.

"मासा तळतेय. गल्लीतनं ये."

"तिथून माझी आई यायची."

"मग? चांगली बाई होती."

"अगं, अडतीस वर्षं लोखंड ओतलंय मी. तो शेजारच्या खुर्चीतला स्टॅन मरेपर्यंत ऐकवेल." मग म्हणाला, "मुलगी रविवारी न्यायला येतेय. फिनिक्सला. म्हणते, घरातच बसायचं तर तिथं ऊन तरी आहे."

आयरीननं फोन ठेवला, कोपऱ्यावरच्या दाराला आतून अडसर घातला आणि बाहेर पुठ्ठा लटकवला: दार बिघडलंय, गल्लीतून या.

पाचला बर्फात घोळका जमला. स्टॅननं दार गदगदा हलवलं.

"कडी तर धड दिसतेय."

"दिसू दे. मासा हवाय की नकोय?" आयरीन आतून म्हणाली.

एकेक जण खाली मान घालून गल्लीतून आत आला. शेवटी स्टॅनही आला, टोपी नाकापर्यंत ओढून. आयरीननं पुन्हा फोन लावला.

"चेस्टर, स्टॅन बायकांच्या दारानं आलाय. बघायला तरी ये."

वीस मिनिटांत गल्लीत वॉकरची टकटक ऐकू आली. चेस्टर आपल्या खुर्चीत बसला, पोटभर हसला, मग कोपऱ्याकडे बघत राहिला.

"त्या बिजागऱ्या मी ओतल्यात. त्यांना काय धाड भरलीय?"

"काय की. दुरुस्तीला वेळ लागणार."

"किती?"

"तुझा गुडघा सांगेल."

चेस्टरनं मासा संपवला, बटाट्याचा आणखी एक पॅनकेक मागितला आणि तेलकट बोटानं फोनकडे खूण केली. "मुलीला सांग, तिकीट रद्द कर म्हणावं. तूच सांग. माझं ती ऐकत नाही."