आयव्हरचे वासेल

दंगामस्तीसाठी आमच्या इंग्लंडमधल्या जुन्या लोकांकडे पुष्कळ शब्द होते. एकाचा मूळ अर्थ पेला तळापर्यंत रिकामा करणे, दुसऱ्याचा नुसता जागर. तिसरा वासेल. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर त्याला नुसता गोंगाट म्हणत, पण त्याचा अर्थ 'धडधाकट राहा'. सॉमरसेटमधला माझा शेजारी आयव्हर डर्स्टन दर जानेवारीत हे एका सफरचंदाच्या झाडाला ओरडून सांगे.

अंधार पडला की गाव त्याच्या बागेत जमे. सर्वांत जुन्या झाडाच्या मुळाशी सफरचंदाची दारू ओतायची, तिच्यात भिजवलेला पाव फांदीत अडकवायचा. मग आयव्हरची आरोळी, बंदुकांचे बार आणि पातेल्यांचा ठणठणाट. त्याने झाड जागे होते आणि फळ धरते, अशी समजूत.

एका वर्षी त्याच्या बायकोला, हिल्डाला, हृदयाचा झटका आला. डॉक्टरांनी आवाज वर्ज्य सांगितला आणि तिची खिडकी तर झाडासमोरच. आयव्हरने गावाला बजावले, या, पण बंदुका घरी ठेवा आणि गप्प उभे राहा.

"गप्प राहून झाड कसं उठायचं?" गावातला पर्सी व्हाउल्स म्हणाला.

"नाही उठलं तर झोपू दे. हिल्डाला काही व्हायला नको."

लोक आले. पातेली हातात, वाजवत कोणी नाही. आयव्हरने दारू ओतली आणि तो शब्द पुटपुटला. मी शेजारी असून मला ऐकू आला नाही.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली. शाल गुंडाळलेली हिल्डा, हातात तोंड धुण्याचे पत्र्याचे भांडे आणि चमचा.

"मयताला आलात का रे सगळे? मी आहे अजून."

"आत जा, हिल्डा. डॉक्टर काय म्हणाले?"

"धडधाकट राहा म्हणाले. तू झाडाच्या कानात वेगळं काही सांगतोयस का? मोठ्यानं म्हण."

आयव्हर झाडाकडे पाठ करून, खिडकीकडे बघून ओरडला. हिल्डाने भांडे बडवले. मग कोण थांबतो?

त्या हंगामात झाडाला जेमतेम टोपलीभर फळ आले. पर्सी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला, "पाठ फिरवलीस की झाडाला."

"नेम चुकला खरा," आयव्हर म्हणाला.

हिल्डा तीच सफरचंदं सोलत बसली होती. "चुकला कुठं? पर्सी, बूट पूस आणि आत ये."