खाल्लेलं अंगी लागेना

आंघोळ घालताना माझा हात त्याच्या पाठीवरून फिरला आणि मणके बोटांना लागले. तोवर मला वाटत होतं, उन्हाळ्यात केस झडलेत म्हणून बरगड्या दिसतात. पण हे केसांचं नव्हतं. आमचा कुत्रा वाळत चालला होता.

खाण्यात काही कमी नव्हतं, उलट तो अधाशासारखा खायचा. भांडं जमिनीला टेकायच्या आत त्याचं तोंड भांड्यात असायचं आणि संपल्यावर ते चाटत चाटत तो पार ओट्याखाली ढकलत न्यायचा. मग तासाभरात दाराशी येऊन कुंई कुंई. बाहेर नेलं की पिवळसर, तेलकट, ढीगभर. आत गेलं त्याहून जास्त बाहेर पडतंय असं वाटायचं. आणि परत आला की पुन्हा रिकाम्या भांड्याशी उभा.

तो मुळात आमचा नव्हता. कुसगावात आमच्या घरामागे एक बंगला आहे. त्याचे मालक मुंबईहून सुट्टीला यायचे. बंगला विकला तेव्हा त्यांनी सामान नेलं, कुत्रा मागे राहिला. अल्सेशियन, ऐन उमेदीतला. आबा कुंपणावरून त्याला भाकरी टाकायचे. एक दिवस तो कुंपणाखालून निघून आमच्या पायरीवर येऊन बसला, तो बसलाच.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर सुदुंबऱ्याचं शेत माझ्या भावाच्या हाती देऊन ते माझ्याकडे राहायला आले. मी लोणावळ्यात एका शाळेत शिकवते, घरात एकटीच असते. आबांना इथे करमत नव्हतं. शेत नाही, गुरं नाहीत, बोलायला ओळखीचं माणूस नाही. कुत्रा आला आणि त्यांच्या दिवसाला धरायला काहीतरी मिळालं.

जवळच्या डॉक्टरांनी आधी जंताचं औषध दिलं, मग जुलाबाचं. दोन्हींनी थोडे दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. मी स्वस्थ बसणाऱ्यांतली नाही. दहीभात सुरू केला. कोणी म्हणालं दही नको, तर नुसता मऊ भात आणि उकडलेली कोंबडी. मग भात बंद, भोपळा सुरू. मग दुकानातलं महागडं खाणं. एकाचा गुण यायच्या आत मी दुसरं आणायची. फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा आणि मनात यायचं, सकाळी त्याने गवत का खाल्लं? मधल्या सुट्टीत आबांना फोन करायचा, पुन्हा बाहेर गेला होता का? आबा म्हणायचे, "गेलता." पुढे विचारायची हिंमत व्हायची नाही.

खरी पंचाईत रस्त्यावर होती. आजारी माणूस निदान सांगू शकतो की मी जेवलोय. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मावशींनी एकदा त्याच्याकडे बघत विचारलं, "बाई, ह्याला जेवायला न्हाई देत का ओ?" मी हसून वेळ मारून नेली. पण एका शनिवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्या तुंबल्या होत्या आणि आम्ही कडेने चाललो होतो. एका गाडीची काच खाली आली. आतल्या बाईंनी बिस्किटांचा पुडा पुढे केला. मी नको म्हणेपर्यंत त्याने तो कागदासकट ओढून घेतला होता.

"सांभाळता येत नसेल तर पाळू नये," बाई शांतपणे म्हणाल्या.

"तो आजारी आहे," मी म्हणाले.

"हो, दिसतंयच की."

गाड्या पुढे सरकल्या. मी तिथेच त्याच्या तोंडातून कागदाचे तुकडे काढत बसले. माझ्या ओठांवर कितीतरी उत्तरं आली, सगळी गाडी गेल्यावर. त्या दिवसापासून मी त्याला हॉटेलांच्या मागच्या बोळातून न्यायला लागले. तिथे माणसं नसायची, पण उष्ट्याचे ड्रम असायचे आणि प्रत्येक ड्रमपाशी माझी त्याच्याशी ओढाताण व्हायची.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी तळेगावच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही, की इतक्या भरभर खाणं बदललं तर कशाने काय होतंय ते कोणालाच कळणार नाही. मग त्यांनी एक रक्ताची तपासणी सुचवली. त्यासाठी आदल्या रात्रीपासून त्याच्या पोटात काही जायला नको होतं.

मी घरी येऊन आबांना दोनदा सांगितलं. भांडं वरच्या फळीवर ठेवलं. सकाळी आम्ही तिघं माझ्या गाडीतून निघालो. जुन्या हायवेने तळेगावला पोचलो. डॉक्टर विचारत होत्या, उपाशी आहे ना? मी हो म्हणाले. तेवढ्यात त्याने फरशीवर ओकारी काढली. दुधात भिजवलेल्या भाकरीचे तुकडे होते, अजून पांढरे.

डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. मी फरशी पुसायला फडकं मागितलं तर त्यांच्या मदतनीस बाईंनी नको म्हटलं.

परतताना कामशेत आलं. मी गाडी कडेला घेतली.

"तुम्ही दिली ना?"

"व्हय. म्या दिली."

"आबा, मी सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतंस." ते समोर बघत होते. कुत्र्याचं डोकं मागून त्यांच्या खांद्यावर टेकलेलं. "तुझ्या आईच्या तोंडाशी म्या घास धरून बसायचो. ती मान फिरवायची. लय येळ बसायचो. आन् हा माझा हात चाटतोय, मागतोय. ह्याला न्हाई म्हनायचं मला जमत न्हाई."

मला चिडायचं होतं, पण चिडायला जागाच उरली नाही. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल आबा माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी गाडी सुरू केली.  घरी उतरताना आबाच म्हणाले, परत न्यायचं असेल त्या दिवशी मी घरात थांबत नाही. आणि खरंच, पुढच्या तारखेच्या आदल्या रात्री ते शेजाऱ्यांकडे झोपायला गेले आणि सकाळी आम्ही निघेपर्यंत देवळाच्या पारावर बसून राहिले.

निकाल यायला बरेच दिवस लागले. तोवर तो आणखी खंगला. बसताना त्याची हाडं फरशीवर वाजायची. मी घरात एका जागी टिकत नव्हते. उगीच भांडी लावायची, उगीच अंगणात जाऊन यायची. शाळेत वह्या तपासताना एकच पान पुन्हा पुन्हा वाचायची.

शेवटी डॉक्टरांचा फोन आला. त्याच्या स्वादुपिंडातून अन्न पचवणारा रस जवळजवळ निघतच नव्हता. पोट भरायचं, पण अंगाला काही मिळायचं नाही. हे बरं होणारं नव्हतं, पण सांभाळता येणारं होतं. प्रत्येक खाण्यात त्या रसाची एक पूड कालवायची, ती खाण्यात मुरायला थोडा वेळ थांबायचं, मग द्यायचं. जन्मभर. शिवाय काही दिवस इंजेक्शनं.

मी आबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले,

"म्हंजी म्या चोरून देत व्हतो त्ये समदं वाया गेलं म्हन."

वाया नाही, मी म्हणाले, पण त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तेव्हापासून पूड कालवायचं काम आबांनी स्वतःकडे घेतलं. कालवणं सोपं होतं, थांबणं नव्हतं. भांडं ओट्यावर, खाली हा मान वर करून रडतोय, उड्या मारतोय, भिंतीला पाय लावतोय. पहिले काही दिवस आबा भांडं झाकून सरळ अंगणात निघून जायचे आणि मला आतून हाक मारावी लागायची, झालं, आता द्या. पुढे ते तिथेच स्टुलावर बसायला लागले. त्याच्या गळपट्ट्यात बोटं अडकवून त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहायचे. काय बोलायचे ते मी कधी ऐकायचा प्रयत्न केला नाही.

सगळं सरळ झालं असं नाही. गणपतीत शेजारच्या घरी कोणीतरी प्रेमाने त्याला मोदक चारले आणि आठवडाभर पुन्हा तेच सुरू झालं. आबा त्या घरी गेले. काय बोलले माहीत नाही, पण त्यानंतर आमच्या गल्लीत त्याला कोणी काही देईनासं झालं. मधे एकदा पूड मिळेना, तेव्हा मी पुण्यापर्यंत फोन करत सुटले. पण दिवाळीनंतर त्याच्या पाठीवर हात फिरवला तर मणक्यांवर मांस लागत होतं. केसांना चमक आली. पहिल्यासारखा भरला नाही, भरणारही नाही कदाचित. माझी सवय अजून गेलेली नाही. सकाळी बाहेर काय पडलं ते वाकून बघितल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

उन्हाळ्यात भावाच्या मुलीचं लग्न निघालं आणि आबा सुदुंबऱ्याला गेले. जाताना मला पुडीचं माप चारदा समजावून सांगितलं, जणू मी ती कधी बघितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी शाळेत होते, निकालाचं काम चालू होतं. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले होते. फोन वाजला. मागे बँडचा दणदणाट, हळदीची गडबड. मला वाटलं काही विसरलंय.

"आज कसं झालं त्याचं?" आबा ओरडून विचारत होते.

"चांगलं झालं."

"चांगलं म्हंजी? घट का पातळ?"

मी खालच्या आवाजात सांगितलं. त्यांना ऐकू येईना. पुन्हा विचारलं, रंग कसा होता. शेवटी मीही मोठ्याने सांगितलं, घट्ट आणि तपकिरी. समोरच्या बाईंनी आपली भाजी उचलून दुसऱ्या टेबलावर नेली.

"मंग बरं हाय," आबा म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवून मांडवात निघून गेले.