सामाईक धुराडं

ऱ्होंडा खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणीत इड्वल प्यूचा कान म्हणजे शेवटचा शब्द. काठीनं वरचा खडक ठोकायचा. आवाज खणखणीत आला तर पुढे जायचं, पोकळ आला तर मागे फिरायचं. त्या कानाच्या भरवशावर त्याचा जोडीदार ट्रेफोर रोज जिवंत वर येत असे. पुढे ट्रेफोरच्या छातीत कोळशाची धूळ बसली आणि तो वरच्या खोलीत पलंगाला खिळला. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून, आणि छपरावरचं धुराडंही दोघांत एकच.

इड्वलचा भाऊ गेथिन ऑस्ट्रेलियात अखेरच्या आजारात होता. दोघंही भाऊ हौशी रेडिओवाले, घरच्या बिनतारी संचावरून रविवारी सकाळी एकमेकांशी बोलायचे. पण डोंगर आड येऊन आवाज तुटायचा. अँटेना उंच हवी होती. अंगणात खांब उभारायचा तर खड्डा, काँक्रीट, परवानगी. तोवर गेथिन राहतोय कशाला? धुराडं तर आयतं उभं होतं.

शिडी चढून त्यानं सवयीनं विटांवर हातोडी मारली. आवाज पोकळ आला. वर्षानुवर्षांच्या धुरानं आतला चुना खाऊन टाकला होता. खाणीत असता तर त्यानं ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं असतं. इथं मात्र त्यानं अँटेनेच्या खांबाचे पट्टे धुराड्याभोवती आवळले. भावाच्या मायेपुढे कान बहिरे झाले, दुसरं काय!

"ठोकून बघितलंस ना रे?" तो खाली उतरून भेटायला गेला तेव्हा ट्रेफोरनं पलंगावरून धापा टाकत विचारलं.

"बघितलं."

"मग झालं. नाहीतर गप्पा तुमच्या आणि विटा माझ्या टाळक्यात!"

दोघंही हसले.

वाऱ्यात खांब डुले, आणि खांबाबरोबर विटा हलत. नोव्हेंबरातल्या वादळात, ऐन बोलण्याच्या वेळी, धुराडं ट्रेफोरच्या बाजूला कोसळलं आणि छप्पर फोडून पलंगावर आलं. त्याला उठून पळताही आलं नाही; तो जागीच गेला.

गावानं वाऱ्याला शिव्या दिल्या. इड्वलनंही मान डोलावली, आणि त्याची त्यालाच किळस आली.

वसंतात नवं धुराडं बांधून झालं. ट्रेफोरची बायको मेना दारात आली.

"गवंडी म्हणतो पक्कं आहे. त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तू ठोकून सांग, म्हणजे मी वर झोपेन."

"दुसऱ्या कुणाला तरी विचार, मेना."

"दुसरं कोण आहे? तुझ्यासारखा कान अख्ख्या खोऱ्यात..."

ती मधेच थांबली. इड्वल जमिनीकडे बघत होता. तिची नजर त्याच्यावरून नव्या धुराड्याकडे गेली.

"म्हणजे तुला ऐकू आलं होतं," ती म्हणाली.