चार दीपगृहे आणि माझे वेळापत्रक

चांगी विमानतळावर सोडायला आलेला नवरा म्हणाला, "अगं, दीपगृहं आहेत ती. पळून जात नाहीत." मी फोन उघडला. फूच्यान या चिनी प्रांताचा किनारा, तीन दिवस, चार दीपगृहे. सगळे वेळापत्रक फोनमध्ये तयार होते. वन-नॉर्थच्या ऑफिसात मी हेच काम करते.

सोबत तान आंटी होत्या. बेडोकला त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. खरे तर सहल त्यांचीच. सात वर्षांच्या असताना त्या वडिलांबरोबर त्या किनाऱ्यावरच्या एका बेटावरून बोटीने निघाल्या. आई मागे राहिली, ती कायमचीच. अंधार पडत होता. वडील म्हणाले होते, "तो दिवा दिसतो ना, त्याच्याखाली आई उभी आहे." तो दिवा लागलेला पुन्हा एकदा पाहायचा, एवढेच आंटींना हवे होते. इतर तीन दीपगृहे मी वाढवली. एवढ्या लांब एकासाठी कोण जाते?

पहिल्या दिवशी एक उरकले. त्याच्या पायरीवर मी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. आंटींनी एक चावून विचारले, "सांबल (मिरचीची चटणी) नाही आणला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्या बेटावर उतरलो. दीपगृह बुटके आणि पांढरे होते. आंटी त्याच्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी फोटो काढले. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको उकडलेली रताळी घेऊन आली. आंटी तिच्याशी होक्क्येनमध्ये (त्यांच्या घरच्या बोलीत) बोलल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"दिवा साडेसहाला लागतो. ही म्हणते, एक खोली रिकामी आहे. एक रात्र राहू?"

शेवटची बोट साडेपाचची होती. सकाळी पुढची दोन दीपगृहे, तिकिटे काढलेली. शिवाय तिथला संडास मी पाहिला होता. मी फोन पुढे करून वेळापत्रक दाखवले.

"ओके लाह (आपल्या ‘गं’सारखे)," आंटी म्हणाल्या. "तू बॉस."

बोटीत मी दाराजवळच्या जागा धरल्या, म्हणजे आधी उतरता येईल. धक्का जवळ येताच आंटींचा हात धरून रांगेत पुढे उभी राहिले. मागे एकदम गलका झाला. वळून पाहिले, तर माणसांच्या डोक्यांवरून, दूर, तो दिवा लागलेला होता. आंटी माझ्या खांद्याएवढ्या. त्यांना काही दिसत नव्हते.

"काय झालं?"

"काही नाही. चला, टॅक्सी थांबली आहे."

धक्क्यावर उतरलो तेव्हा मध्ये डोंगर आला होता.

उरलेली दोन दीपगृहेही वेळेवर झाली. त्यांच्याबद्दल लिहावे असे मला काही आठवत नाही.

परत आल्यावर एका संध्याकाळी व्हॉइड डेकवर (इमारतीखालच्या मोकळ्या जागेत) आंटी शेजारणींना फोटो दाखवत होत्या. मला बघून हाक मारली, हातात कोपी-ओ (बिनदुधाची कॉफी) दिली.

"चार दीपगृहं! एक बोट चुकली नाही. ही फार हुशार, हं."

"आणि तुझा तो दिवा?" एकीने विचारले. "लागलेला पाहिलास?"

आंटी फोटो पुढे सरकवत राहिल्या.

"पाहिला लाह. हिनेच दाखवला."

मी कॉफी प्यायले. खोटे आहे, असे म्हणायला एक वाक्य पुरले असते. ते मी तिथे म्हटले नाही. इथे लिहिते आहे, कारण त्यांना मराठी वाचता येत नाही.